गाठी मारून कापलेला ताणा

वडगावातल्या त्या विणकराची फिर्याद मी आजही विसरलेलो नाही. खून पाहिले, दरोडे पाहिले, पण ही साधी नुकसानीची तक्रार मनातून जात नाही.

सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. पंचेचाळिशीचा एक धिप्पाड विणकर पत्नीसोबत बेळगावच्या आमच्या ठाण्यात आला. आदल्या दुपारी घरचे सगळे निपाणीला लग्नाला गेले होते आणि हा बाजारात. तेवढ्यात मागावरच्या साडीचा ताणा, म्हणजे सगळे उभे धागे, कुणीतरी चाकूने कापले होते. सांगता सांगता त्याचे डोळे भरले. मी पेन खाली ठेवलं आणि म्हणालो, "पुरुष माणूस ना तुम्ही? ठाण्यात रडायचं नसतं. मुद्द्याचं बोला."

तो गप्प झाला तो झालाच. पुढची फिर्याद त्याच्या बायकोनेच सांगितली.

दुपारपर्यंत शेजारच्या दुकानदाराकडून खबर आली. आठवड्यापूर्वी भांडून काम सोडलेला त्यांचा कामगार आदल्या दुपारी गल्लीत दिसला होता. त्याला आणून बसवलं. दोन तास चौकशी केली, आवाज चढवला. तो एकच सांगत राहिला, "अण्णाचा ताणा मी कशाला कापू, साहेब? माझा डबा राहिलता, तो न्यायला गेलतो. दार बंद हुतं." माझा विश्वास बसला नाही. त्याची म्हातारी आई ठाण्याच्या पायरीवर बसून होती. संध्याकाळच्या आत अटक दाखवायची, असं मी ठरवून टाकलं होतं.

त्याआधी पंचनाम्याला गेलो. माझा हवालदार शहापूरच्या विणकर घरातला. तो मागावर वाकून बराच वेळ बघत राहिला.

"साहेब, गाठी बघा. धागं झुपक्यानं बांधलेत आणि मग कापलेत. मागाच्या फणीतनं निसटलं तर हजारो धागं एकेक करून परत भरावं लागत्यात. गाठ असली की नवा ताणा जोडता येतो. वैर काढायला आलेला एवढा येळ गाठी मारत बसंल व्हय?"

विणकराची बायको पुढे आली. तिने एक झुपका हातात घेतला आणि तिथेच खाली बसली. "ही गाठ ह्यांच्या हातची हाय," ती म्हणाली.

मी सगळ्यांना बाहेर काढलं आणि विणकराच्या शेजारी बसलो. या वेळी घाई केली नाही.

"हिला वाटलं वैऱ्यानं कापलं. मी न्हाय म्हटलं न्हाय," तो बोलू लागला. "तुमच्यापुढं खरं सांगायचं ठरवूनच आलतो. तुम्ही रडू नका म्हणालासा."

मी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"वर्स झालं साहेब, धड झोप न्हाय. मागाचा आवाज नको, माणसं नको. पण घरचा कर्ता मी, जमंना म्हणून कुणाला सांगू? त्या दुपारी चाकू हातात घेतला, तो मागासाठी न्हवता. मग मागाकडं बघितलं. म्हटलं, माझ्याऐवजी हे थांबू दे."

"आणि गाठी कशाला मारल्या?"

"सवय हो. आणि पुन्हा कुणीतरी विणायला पायजेच की."

कामगाराला सोडलं. त्याची आणि त्याच्या आईची मी हात जोडून माफी मागितली. नोकरीत ती पहिलीच वेळ. गुन्हा बंद करायचा बी रिपोर्ट पाठवला आणि विणकराला घेऊन स्वतः सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांकडे गेलो. महिन्याभराने तोच कामगार त्याच्या शेजारी बसून नवा ताणा जोडत होता.

तीस वर्षं मी लोकांना बोलतं करायचा पगार घेतला, आणि जो आपणहून बोलायला आला होता त्याचं तोंड एका वाक्यात बंद केलं. त्या वाक्याची मला लाज वाटते. तेच वाक्य मी रोज स्वतःलाही ऐकवत होतो, हे मात्र निवृत्तीनंतर झोप उडाली तेव्हा कळलं.

पहिल्या वेळी दवाखान्याच्या खिडकीवर विचारलं होतं, पेशंट कोण? मी विणकराचं नाव सांगितलं होतं. निवृत्तीनंतर दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तो माझ्या शेजारी उभा होता, आणि मी माझं नाव सांगितलं.