तालमीची माती

कार्तिक वद्य सप्तमी होती. धुणंवाली आली नव्हती, म्हणून विहिरीवर मीच धुणं घेऊन बसले होते. धाकट्या भावाचा लंगोट हातात आला. त्याला तालमीची तांबडी माती भरपूर लागलेली होती, पण झटकल्याबरोबर ती भुरभुर खाली पडली. कापड कोरडं होतं. लहानपणी मी वडिलांचे तालमीतले लंगोट धुतलेले आहेत. घामाने भिजलेल्या कापडात माती मुरते, चार वेळा आपटल्याशिवाय सुटत नाही. ही माती वरून चोळलेली होती.

मी बाकीचं धुणं उरकलं. ते तसंच टाकून चालण्यासारखं नव्हतं.

भाऊ मिठाच्या चौकीवर कारकून होता. खाडीकाठच्या ओलीने त्याला खोकला धरला, त्यावर कोणी अफू सांगितली. खोकला गेला, अफू राहिली. पुढे नोकरी सुटली, बायको कल्याणला माहेरी निघून गेली आणि तिच्या वडिलांनी निरोप पाठवला की जावई सुधारल्याखेरीज मुलगी नांदायला येणार नाही. आमचे आईवडील राहिले नव्हते. तो ठाण्याला माझ्याकडे आला.

वैद्यबुवांनी गोळी हळूहळू लहान करायला सांगितली. त्याच्याजवळची अफू मी ताब्यात घेतली आणि गोळी मीच वळून देऊ लागले. एकदम तोडलीत तर जिवावर बेतेल, असंही बजावलं. शिवाय अंगातून घाम निघाला पाहिजे म्हणाले. घाम निघाला की भूक लागेल, पोटात अन्न गेलं की झोप येईल, मग गोळीची आठवण कमी होईल. ह्यांनी त्याला पहाटे नमस्कार घालायला लावले. तो साष्टांग आडवा झाला की तिथेच पेंगायचा.

मी त्याच्या हातात मुसळ दिलं. घरात भात येऊन पडलं होतं आणि कांडपीण बाळंत झाली होती. एका उखळावर दोघांनी कांडायचं म्हणजे घाव आळीपाळीने पडावे लागतात. एकाला डुलकी लागली की मुसळावर मुसळ आदळतं आणि खांद्यापर्यंत झिणझिण्या जातात. सुरुवातीला माझे हात त्याने बधिर करून टाकले. त्याच्या पायांत गोळे यायचे, नाक गळायचं, मधेच उठून परसात ओकून यायचा. मी म्हणायची, आलास ना, उचल. दिवाळीच्या सुमारास तो सरळ उभा राहून कांडत होता आणि जेवताना भात पुन्हा मागून घेत होता. गोळी मोहरीएवढी झाली होती. एकदा मला म्हणाला, "अक्का, म्हातारी झालीस का? घाव उशिरा पडतोय." त्याने कोणाची चेष्टा केलेली मी किती वर्षांत ऐकली नव्हती.

शेजारणीने कुंपणावरून पाहिलं. तिथून गोष्ट ह्यांच्या कचेरीत पोचायला वेळ लागला नाही. तिथे एकाने ह्यांना विचारलं, तुमचे मेहुणे दळणही घेतात का, आमच्याकडे पायलीभर आहे. हे घरी आले, पगडी खुंटीला लावली आणि मुसळ उचलून माळ्यावर टाकलं. पुरुषाने अंग कमवायचं तर तालमीत जावं, म्हणाले. मुसळाने गोळी किती लहान झाली ते मी त्यांना दाखवलं. ते म्हणाले, "मग तालमीत तीही सुटेल." बोलणं मला चुकीचं वाटलं नाही.

तालमीत बाईला पाऊल टाकता येत नाही. तो पहाटे जायचा, मातीने माखून यायचा, मी आंघोळीचं पाणी काढून द्यायची. गोळी वाढवून मागत नव्हता, म्हणून मी निर्धास्त होते.

धुणं वाळत घातल्यावर त्याला परसात गाठलं. त्याने नाकारलं नाही. पहिले दोनतीन दिवस तो खरंच गेला होता. जोर काढताना हात थरथरले, पोरं हसली. वस्तादाने बाजूला घेऊन सांगितलं की असल्या अंगाने मेहनत केलीस तर इथेच मरशील आणि तालमीचं नाव जाईल; आधी अफू सोड, मग ये. तेव्हापासून पंच्याच्या टोकाला बांधून आणलेली तालमीची माती अंगाला चोळून तो अफूच्या दुकानी बसत होता. बोटातली अंगठी गेली होती. आता गोळी केवढी लागते विचारलं, तर त्याने बोराएवढं माप दाखवलं.

"वैद्यबुवा म्हणतात मेहनत केलीस तर सुटेल. वस्ताद म्हणतात सोडलीस तर मेहनत कर," तो म्हणाला. "मी उभा कुठे राहू, अक्का?"

"मुसळ काढते."

"आणि भाऊजी?"

संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. वस्तादाला स्वतः भेटेन म्हणाले. पण माझ्या घरात पुरुष कांडणार नाही, आणि तो त्या दुकानात पुन्हा दिसला तर इथे राहणार नाही. घर त्यांचं होतं. एकदम तोडता येणार नाही हे त्यांनाही ठाऊक होतं, पण ते त्यांनी माझ्यावर सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे कचेरीला गेल्यावर मी भावाला घराबाहेर पडू नकोस म्हणून बजावलं, डोक्यावरून पदर घेतला आणि अफूच्या दुकानात गेले. दुकानदार गडबडून उभा राहिला. मुलं निजावीत म्हणून तेव्हा घरोघर त्यांना अफू चाटवत, त्यामुळे त्याने विचारलं, "तान्ह्यासाठी का, बाई?"

माझं शेंडेफळ इंग्रजी शाळेत जात होतं. मी हो म्हटलं. त्याने चिमूटभर तोलली; भावाची गोळी बोराएवढी होती.

"एवढ्याने भागायचं नाही," मी म्हटलं. "आणखी घाला."