आधी घर, मग जग

इद्रीसने हात मिळवला की तो लवकर परत मिळायचा नाही. तुमचा पंजा एकदा त्याच्या लांब, कोरड्या बोटांत गेला, की घरातलं एकेक माणूस विचारून झाल्याशिवाय सुटका नसे. आई कशी आहे? वडील? धाकटी बहीण शाळेत जाते ना? आजोबांचा खोकला? मी शेतकऱ्याचा मुलगा आहे हे कळल्यावर त्यात आमच्या भुरी म्हशीचीही भर पडली. कॉलेजच्या फाटकात, भर उन्हात, तासाची घंटा झालेली असताना हे चालायचं. मी वैतागून म्हणायचो, "अरे, काम काय ते बोल." तो शांतपणे म्हणायचा, "आधी घर, मग जग. आमच्याकडे घर न विचारता कामाचं बोलतात ते फक्त पोलीस."

तो सुदानचा. त्याचे वडील तिकडे रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते आणि युनियनचे जुने कार्यकर्ते. पुण्यात शिकणाऱ्या कुणा नातेवाइकाने सांगितलं म्हणून १९७१ च्या जूनमध्ये हा नगरला दाखल झाला. ट्रंकेत दोन शर्ट आणि नऊ पुस्तकं. दुसऱ्याच दिवशी सूचनाफलकाखाली उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला इंग्रजीत विचारत होता, "कामगारांच्या बाजूची मुलं इथे कुठे बसतात?" पाण्याचा नळ कुठे आहे, असं विचारावं तसं. पोरं 'हबशी, हबशी' करत खिदळत होती. इतक्या गरीब देशात आपली माणसं शोधावी लागतील, हे त्याच्या डोक्यातच आलेलं नव्हतं. ती कुठे बसतात हे मला ठाऊक होतं, कारण मीही त्यांच्यातच बसायचो. मी त्याला बाजूला घेतलं आणि रविवारी सकाळी ये म्हणालो.

आमचं अभ्यासमंडळ म्हणजे जेमतेम नऊ पोरं. नगरच्या तोफखाना भागात विडी कामगार बायकांच्या युनियनची एक खोली होती, तिथे आम्ही जमायचो. तंबाखूच्या वासाने पहिले दोन महिने माझं डोकं दुखायचं. सुभाष आमचा म्होरक्या. तो वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होता, वाचन दांडगं आणि जीभ त्याहून दांडगी. मिरजगावच्या पुढच्या खेड्यातून आलेल्या माझ्यासारख्याला तो 'कॉम्रेड' म्हणायचा, तेव्हा मला दोन दिवस भूक लागायची नाही. त्या एका शब्दासाठी मी तेव्हा काहीही केलं असतं. पुढे केलंच.

इद्रीस खोलीत आला आणि सतरंजीवर बसायच्या आधी प्रत्येकाचा हात धरून त्याने आपलं सत्र सुरू केलं. नाव काय, गाव कुठलं, वडील काय करतात, भाऊ किती. दारात विड्या वळत बसलेल्या नरसाबाईंपुढे हात छातीवर ठेवून वाकला आणि माझ्याकरवी त्यांच्या चारही मुलींची विचारपूस केली. नरसाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. अर्धा तास यातच गेला. सुभाषने घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, "आपण इथे सोयरीक जुळवायला आलेलो नाही." सगळे हसले. इद्रीसला शब्द कळले नाहीत, पण सगळे हसले म्हणून तोही हसला. परत जाताना मला म्हणाला, "सदा, आज मी नगरला पोचलो."

त्या दिवाळीत मी त्याला घरी नेला. आईने भाकरी थापायला घेतली तसा तो चुलीपाशी उकिडवा बसला, पाटीतली ज्वारी मुठीत घेऊन वास घेऊ लागला. "आई, हे आमच्या घरचं धान्य आहे," तो आपल्या मोडक्या मराठीत म्हणाला. त्यांच्याकडेही ज्वारीच खातात, पातळ घावनासारखी करून. आईला वाटलं होतं, काळ्या परमुलखातलं माणूस काय खातं कुणास ठाऊक. ते ऐकल्यावर ती विरघळली. ठेच्याने त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो आणखी मागत होता. गोठ्यात जाऊन भुरीच्याही पाठीवर थाप मारून आला. रात्री आई मला म्हणाली, "तुजा ह्यो दोस्त लई गुनाचा हाय. आपल्या भावकीनं कदी इतकं इचारलं न्हाई. त्येच्या घरी कोन कोन हाय रं?" मी म्हणालो, असतील चार जण. मला माहीत नव्हतं.

पुढच्या वर्षी पाऊस फिरकला नाही. विहिरींनी तळ दाखवला, आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. त्याच सुमाराला इद्रीसची घरची पत्रं यायची थांबली. तिकडे युनियनवाल्यांची धरपकड चालली होती, एवढं त्याने एकदा आम्हाला सांगितलं. त्या रविवारी आम्ही त्यावर दोन तास चर्चा केली. सुभाष फार छान बोलला. पण "तुझे वडील कुठे आहेत?" हे आमच्यातल्या एकानेही विचारलं नाही. जगाचं सगळं बोलून झालं होतं.

विडी कामगार बायकांचा आणि खडी फोडणाऱ्यांचा एकत्र मोर्चा काढायचं ठरलं, ती त्र्याहत्तरच्या जानेवारीतली गोष्ट. दोन दिवस आधी पोलीस खोलीवर आले आणि मोर्चाच्या छापील पत्रकांचा गठ्ठा उचलून घेऊन गेले. कुणीतरी फितूर झाल्याशिवाय हे घडणं शक्य नव्हतं. इद्रीस नसताना आम्ही जमलो. एकाने सांगितलं, की इद्रीसला पोलीस कचेरीतून बाहेर पडताना त्याने डोळ्यांनी पाहिलं आहे.

"आणि आल्या दिवसापासून हा माणूस काय करतोय?" सुभाष म्हणाला. "नाव सांग, गाव सांग, बाप काय करतो, भाऊ कुठे नोकरीला आहे. माझ्या मामांची बदली कुठे झाली हेसुद्धा त्याला पाठ आहे. अरे, ही चौकशी नाही तर काय?"

जो तो आपण काय काय सांगून बसलो ते आठवू लागला. मला मात्र दुसरंच आठवत होतं. परदेशी विद्यार्थ्याला दर महिन्याला पोलीस कचेरीत हजेरी द्यावी लागे. दोनदा तर मीच त्याच्याबरोबर गेलो होतो आणि तो बाहेर येईपर्यंत समोरच्या लिंबाखाली शेंगा खात बसलो होतो.

सुभाष माझ्याकडे वळला. "सदा, तू आणलंस त्याला. तुला काय वाटतं?"

एक वाक्य बोलायचं होतं. पण जो त्याची बाजू घेईल तो त्याचाच माणूस ठरणार, हे त्या खोलीतल्या हवेतच होतं. मी म्हणालो, "मला काही माहीत नाही."

इद्रीसला कुणी काही बोललं नाही. आम्ही फक्त बैठकीची जागा बदलली. एकदा नरसाबाई मला बाजारात भेटल्या. "तो पोरगा दर रविवारी येऊन सतरंजीवर बसतो. बारा वाजेतोवर वाट बगतो. तुमी समदे कुटं असता?" परीक्षा आहेत, असं मी सांगितलं. महिन्याभरात कळलं, की छापखान्याच्या मालकानेच घाबरून ते पत्रक पोलिसांना दाखवलं होतं. सगळ्यांना कळलं. तरीही बैठक नव्या जागीच होत राहिली.

मार्चमध्ये तो माझ्या खोलीवर आला. वाळला होता. हात धरला, आई विचारली, वडील, बहीण, आजोबा विचारले.

"भुरी कशी आहे?"

"विकली. चारा नव्हता."

त्याने माझा हात सोडला. मग कामाचं बोलला. त्याच्या पासपोर्टची मुदत संपत होती, आणि त्याच्या देशाच्या वकिलातीचं म्हणणं, आधी परत ये, मग बघू. परत जाणं म्हणजे काय, ते त्याने सांगितलं नाही. "दिल्लीत एक वकील आहेत. ते म्हणतात, इथल्या कुणी लिहून दिलं की हा आमचा माणूस आहे, तर राहायची परवानगी मागता येईल. तुमच्या युनियनचं पत्र हवं, सदा. दोन ओळी पुरतील."

"सुभाषला विचारतो," मी म्हणालो. विचारलं नाही. आज-उद्या करत राहिलो, आणि खरं सांगायचं तर तो आपणहून विचारायचं सोडून देईल याची वाट पाहत राहिलो.

शेवटचा भेटला तो कॉलेजच्या फाटकातच. सुभाष आणि आणखी दोघं माझ्याबरोबर होते. इद्रीसने लांबूनच हात पुढे केला. माझ्या एका हातात पुस्तकं होती. मी ती दोन्ही हातांत घेतली. त्याने ते पाहिलं. पुढे केलेला हात त्याने आपल्या छातीवर ठेवला, नरसाबाईंपुढे ठेवायचा तसा, आणि म्हणाला, "आईला सांग, मी विचारलं." तीन दिवसांनी वसतिगृहातली त्याची खोली रिकामी झालेली होती. तो मुंबईला गेला आणि तिथून पुढे गेला, एवढंच कळलं. त्यानंतर काहीही कळलं नाही.

दीड वर्षाने मला मास्तरकीची नोकरी लागली. चारित्र्य पडताळणीसाठी त्याच पोलीस कचेरीत जावं लागलं. अभ्यासमंडळाचं काही नोंदलेलं असेल तर नोकरी गेली, ही धास्ती मनात होती. टेबलामागच्या म्हाताऱ्या हवालदाराने कागद चाळले. "तुमच्या नावावर कायबी न्हाई," तो म्हणाला. मग कॉलेजचं नाव वाचून थांबला.

"तुमच्या येळंला तितं एक परदेशी पोरगा हुता बगा. लई सादा. दर म्हैन्याला हितं यायचा, माज्या पोरीच्या गोवराची चौकशी करायचा. सायब मला इचारायला लावायचे, कुनात ऊठबस हाय, कुनाच्या बैठकीला जातोस. त्यो म्हनायचा, मला हितं मित्र न्हाईत. पावनेदोन वर्सं तेच उत्तर. मीच लिवून घ्यायचो. मला वाईट वाटायचं, इतक्या लांब येऊन एक मित्र जोडता येऊ नये? शेवटाला सायबांनी सांगितलं, नावं दे, हितं ऱ्हायची मुदत वाडवून द्यायचं बगू. तरी तेच. मित्र न्हाईत."

त्याने शिक्का शाईत बुडवला आणि वर पाहिलं. "वळखीचा हुता का तुमच्या?"

"नाही," मी म्हणालो.

त्याने शिक्का मारला. त्या कागदावर मी एकतीस वर्षं नोकरी केली. सुरुवातीला इद्रीस 'मित्र नाहीत' हे आम्हाला वाचवायला खोटं सांगत होता. शेवटचे दोन-तीन महिने त्याला खोटं बोलावं लागलं नसेल.

आई होती तोवर मी घरी गेलो की विचारायची, "त्या इद्रीसचं काय कळलं का रं? त्येच्या आईला एक पत्तर तरी टाक." मी हो म्हणायचो. पत्र कुणाच्या नावाने टाकणार होतो? त्याला आमच्या म्हशीचंसुद्धा नाव पाठ होतं, आणि मी त्याच्या आईचं नाव कधी विचारलंच नव्हतं.