भूलवाल्या बाईंचा उजवा हात

भूलवाल्या बाई, म्हणजे ऑपरेशनला भूल देणाऱ्या आमच्या डॉक्टर, चिडल्या की समोरच्याचं वय, हुद्दा काही बघत नसत. एकदा ऑपरेशन चालू असताना सिस्टरनं सर्जनच्या कानाशी धरलेला मोबाइल त्यांनी हिसकावला आणि भिंतीवर आपटला. "गप्पा मारायच्या असतील तर आपण बाहेर जा. पेशंटला मी सांभाळते!"

पुण्यातल्या त्या हॉस्पिटलात मी कॉम्प्युटर विभागात होतो. रक्तदाबाचे आकडे भूल देणारे डॉक्टर तोवर हातानं उतरवत. मी ते यंत्रातून थेट कॉम्प्युटरवर आणले. ऑपरेशनमध्ये ज्यांचा दाब फार वेळ खाली राहतो, त्यांचं पुढे काय होतं, हे बाईंना शोधायचं होतं. "टेबलावरून जिवंत उतरला की आपलं काम संपलं म्हणे," त्या म्हणत. "पुढचं कोण बघणार? सोसायटीचा वॉचमन?"

वाघोलीचे एक आजोबा ऑपरेशननंतर मूत्रपिंडं निकामी होऊन गेले. त्यांचा मुलगा माणसं घेऊन आला. काचा फुटल्या, वॉर्डबॉयचं डोकं फुटलं. "म्हाताऱ्याला मारलं तुमी!" असं ओरडत तो अतिदक्षता विभागाकडे धावला. दारात बाई उभ्या होत्या.

"आत माणसं मरणाशी झुंजताहेत. पाऊल टाकू नकोस!"

लोखंडी गज त्यांच्या उजव्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. बाई दारातच आडव्या पडल्या. त्यांना ओलांडायची हिंमत कुणाची झाली नाही.

जामिनावर सुटल्यावर तो मुलगा माफी मागायला आला. तक्रार मागे घ्या म्हणाला.

"तक्रार मागे घेणार नाही. पण बस. वडिलांचं काय झालं ते तुला कळायलाच हवं." बाईंनी मला त्यांची नोंद उघडायला लावली. "भूल मीच दिली होती. दाब इथे पडला. वर यायला वेळ लागला. त्यानंच ते गेले का, मला अजून सांगता येत नाही. तेच शोधतेय."

तो रडू लागला. "आदी कुनी बोललं असतं तर…"

"तरी गज आणलाच असतास," बाई म्हणाल्या आणि त्याच्यासाठी चहा मागवला.

मनगट वाकडंच जुळलं. श्वासनळीत नळी घालणं जमेना, भूल देणं सुटलं. मग त्या रोज माझ्याशेजारी बसून नोंदी वाचत. दाब फार वेळ खाली राहिलेल्या म्हाताऱ्यांची मूत्रपिंडं जास्त बिघडताना दिसली. दाब पडला की ऑपरेशन थांबवा, असं बाईंनी म्हणताच सर्जन मंडळींनी बैठकीत टेबलं बडवली. बाई त्यांच्याहून मोठ्यानं ओरडल्या. शेवटी नियम झाला: दाब पडला की, शक्य असेल तिथे, तो वर येईपर्यंत सर्जननं हात थांबवायचा.

मी पेढे घेऊन गेलो.

"पेढे कसले?" बाई म्हणाल्या. "हे ज्यांच्यावरून कळलं, ते कुठे आहेत?"

त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं.