नऊ फूट नळी

गेल्या महिन्यात सोमवारी सकाळी पावणेआठला ताईचा फोन आला. "तुझं दाजी गेलं," एवढंच म्हणाली. फोन ठेवल्यावर मनात पहिला विचार आला तो लिहून टाकतो... आता ते कधीच कबूल करणार नाहीत.

विलासराव माझे दाजी. कागलच्या एमआयडीसीत दूधसंस्थांची स्टीलची भांडी करायचा त्यांचा कारखाना. एका उन्हाळ्यात त्यांनी गच्चीवरच्या खोलीत बिअरचं पिंप बसवायचं ठरवलं. गॅसची टाकी, तोटी सगळं जमलं, राहिली नळी. मी दोन दिवस बसून माप काढलं : आतून पाच मिलिमीटर, लांबी नऊ फूट. अरुंद, लांब नळीत गॅसचा दाब वाटेतच उतरतो. रुंद, आखूड नळीतून नुसता फेस येतो. दाजी म्हणाले, "आवं पावणं, बिअर प्यायची हाय, उसाला पाणी न्हाय पाजायचं." आणि त्यांनी दूध काढायच्या यंत्राची जाड नळी चार फूट कापून लावली. फेसच आला. "नळी पावण्यांनी मापून दिलीया," असं त्यांनी पंधरा माणसांत सांगितलं. आमच्यात दाजींना उलटून बोलत नाहीत. त्यानंतर दोन वर्षं प्रत्येक लग्नात, बारशात मी 'फेसवालं पावणं' झालो.

मग त्यांची पन्नाशी आली. मोठी गिऱ्हाइकं जेवायला येणार होती. आदल्या दिवशी फोनवर हळूच म्हणाले, "ती तुमची नळी घिऊन या की." घेऊन गेलो. जिन्यात असतानाच वरून त्यांचा आवाज आला, "यंदा नळी मी सोता निवडलीया. धार बघा निस्ती." जोडायचं काम माझ्याकडंच होतं. मी पिशवी उघडलीच नाही. पिंपाला जुनीच जाड नळी राहू दिली. तेरा ग्लास भरले, तेराही फेसाचे. नाव ठेवायला या वेळी दुसरं कुणी नव्हतं. लोक हसत होते आणि दाजी माझ्याकडं बघत होते... ते हसणं आठवलं की मला अजूनही बरं वाटतं.

दिवसकार्य झाल्यावर ताईनं ती खोली आवरायला बोलावलं. मी पिंपाची नळी सोडवली. ती म्हणाली, "शेवटी शेवटी सारखं इचारायचं, पावण्यांनी मुद्दाम केलं का म्हणून. मी सांगायची, माझा भाऊ तसला न्हाय." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "न्हाय न्हवं?"

"मुद्दामच केलं, ताई."

तिनं माझ्या हातातली नळी घेतली, पिंपाला होती तशी परत लावली आणि मला खाली जायला सांगितलं.