ह्यांचा डोंगर

तैलरंग शिकायची हौस माझी. सक्करदऱ्याला एक बाई स्वतःच्या घरी रविवारी क्लास घेतात, हे मीच शोधून काढलं. ब्रश, कॅनव्हास, रंगाच्या नळ्या मीच आणल्या. हे नुसते स्कूटरवर सोडायला यायचे. हिंगण्याच्या कारखान्यातून नुकतेच रिटायर झालेले, घरी करमायचं नाही, म्हणून क्लास सुटेपर्यंत कोपऱ्यात पेपर वाचत बसायचे. एका रविवारी बाईंनाच राहवलं नाही. उरलेला कॅनव्हास त्यांच्यापुढे ठेवून म्हणाल्या, "काका, बसल्या बसल्या तुम्हीपण काढा की."

"मले कुठं येते हे," म्हणत ह्यांनी ब्रश घेतला.

विषय सगळ्यांना एकच, बर्फाचा डोंगर आणि पायथ्याशी देवदार. आम्ही दोघं मनालीला जाऊन आलो होतो. तिथं मी गाडीच्या काचेला नाक लावून बसले होते आणि हे शेजारी घोरत होते. तरी माझा डोंगर शंकरपाळ्यासारखा झाला आणि ह्यांचा दूर गेला. खरोखर दूर गेला. बाईंनी सगळ्यांना बोलावून दाखवलं. "बघा, लांबचा रंग कसा फिका ठेवलाय. आणि एकदा लावला की काका परत त्याला हात लावत नाहीत." मग माझ्याकडे वळल्या. "काकू, तुम्ही फार घोटता. रंगाचा चिखल होतो."

परतताना स्कूटरवर ह्यांनी मान वळवून विचारलं.

"काहून चूप बसून राहिली वं?"

"टर्पेंटाइननं डोकं दुखतंय."

ह्यांचं चित्र वाळायला ठेवलं होतं बैठकीत. येता-जाता मी त्यात चूक शोधायची. एक देवदार जरासा वाकडा निघाला. त्या दिवशी पोळ्या लाटताना मी चक्क गुणगुणत होते.

फ्रेम करून ते सोफ्यामागे लागलं. शेजारीण आली, बघतच राहिली. "कोणी काढलं हो?"

"हिनं," हे म्हणाले. "हीच शिकते न क्लासमध्ये."

ती माझा हात धरून कौतुक करत राहिली. ती जाईपर्यंत मी कसाबसा दम धरला.

"खोटं काहून बोललात?"

"अवं, तुले बरं वाटन म्हणून."

"मला उष्टं कौतुक नको."

पुढच्या रविवारी हे क्लासच्या फाटकाशी थांबले. "तू जाय. मी इथंच गाडीवर बसतो." हे तर त्याहून झोंबलं. मैदान मोकळं करून देत होते मला! "मुकाट्यानं आत चला," मी म्हटलं, आणि मुद्दाम त्यांच्या शेजारचीच जागा धरली.

त्या दिवशी मी पुन्हा डोंगर घेतला. चिडून बर्फावर जाड रंग थापला, मग तो पसंत पडेना म्हणून रंगाच्या सुरीनं एका दमात खरवडला. खालचा जांभळा थर दिसला आणि कड्यावर ढगाची सावली उतरल्यासारखी झाली. मी ब्रश खाली ठेवला. हात शिवशिवत होता, पण ठेवला.

हे स्वतःचं चित्र सोडून माझ्या कॅनव्हासकडे झुकले. बराच वेळ बघत होते.

"ही सावली कशी आणली वं?"

कधी नव्हे ते त्यांच्या आवाजात जरा हेवा होता. निदान मला तसं वाटलं.

"जमली," मी म्हटलं आणि सुरी फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकली.

अजून सांगितलेलं नाही.