रुमालाखालचा पासवर्ड

आपल्याच घराला कुलूप लावून किल्ली आत विसरलेला माणूस आपण कधी पाहिला आहे का? मी पाहिला आहे. बिराजदार सर आमच्या क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवीत. त्यांच्याकडे शेवटी येतो. शिक्षकांच्या खोलीतले किस्से खडूच्या भुकटीसारखे असतात. कोणी मुद्दाम साठवीत नाही, पण अंग झटकले की उडतात!

क्लास लातूरचा. मी तेथे जीवशास्त्र शिकवीत असे. त्या वर्षी छापील नोट्स बंद झाल्या आणि विद्यार्थ्यांच्या हाती टॅब आले. संचालकांची आज्ञा स्पष्ट होती : मुले अभ्यासाच्या सुट्टीत गावी निघण्यापूर्वी सर्व विषयांच्या पीडीएफ प्रत्येक टॅबवर पोहोचल्या पाहिजेत.

जनरल बॅचमधील सरिता किनवटकडच्या जंगलातल्या गावची. ती म्हणाली, "सर, गावात रेंज न्हाई. टॅबमधी जे असंल, तेवढाच माझा अभ्यास."

तिचे हे बोलणे माझ्या मनात राहिले.

*

रसायनशास्त्राच्या सरांना पुस्तकाचे पान उलटताना जिभेला बोट लावण्याची सवय. टॅब आला, सवय गेली नाही. प्रत्येक पानाला ओले बोट!

संचालक एकदा शांतपणे म्हणाले, "सर, आपला टॅब कोणीच उसना मागत नाही. कधी विचार केलात?"

*

लोहा गावचे एक पालक, शेतकरी, मुलाचा टॅब पाहण्यास आले. नोट्स भरण्यापूर्वी त्यांनी तो हातावर तोलला. भरल्यावर पुन्हा तोलला.

"सर, वजन तेवढंच हाय की!"

मी पीडीएफ उघडून दाखविली. ते एकेक पान सरकवीत थेट शेवटच्या पानापर्यंत गेले. मी म्हणालो, "आपण वाचत तर नाही."

"वाचाया न्हाई, सर. पोत्यात वर चांगला माल असतो. तळाला बी तसाच हाय का, ते बघून राहिलो!"

प्रत्येक शिक्षकाच्या नोट्स अशा तपासल्या गेल्या, तर बरे होईल.

*

आमचे लिपिक नामदेवकाका औशाकडचे. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचे घर गेले होते; माणसे ईश्वरकृपेने वाचली. एके दुपारी पत्र्याच्या कपाटावर टॅब रचून ठेवले होते. आतल्या खोलीतून कोणीतरी सर्वांवर एकदम फाइल सोडली. टॅब थरथरले, कपाट खडखडले, वरचा पेला खाली पडला.

"भाईर पळा!" काका ओरडले.

आम्ही सगळे मैदानात. बिराजदार सर अनवाणी. माझ्या हाती देवाची तसबीर.

कारण कळले तेव्हा काका मटकन खाली बसले. हात जोडले, डोळे पुसले, मग चिडून म्हणाले, "फाइल आली व्हय? मग माणसानं येताना खोकून तरी यावं!"

इतक्या मोकळेपणाने आम्ही पुष्कळ वर्षांत हसलो नव्हतो.

*

खंडेनवमीला काकांनी संगणकाची पूजा केली. स्कॅनरलाही हळद-कुंकू वाहिले. झाकणावर नव्हे, आतल्या काचेवर! त्यानंतर माझ्या हस्तलिखित नोट्सच्या प्रत्येक पानावर एकाच जागी लाल ठिपका उमटला.

मुलांना वाटले, सरांनी महत्त्वाचे तेवढे दाखविले आहे. त्यांनी ठिपक्याखालचेच पाठ केले. चाचणीत नेमके त्यातलेच प्रश्न आले. माझा जीव भांड्यात पडला, पण मी मुलांना खडसावले.

सरिता म्हणाली, "सर, पुढच्या चाचणीला दोन बोटं लावायला सांगा ना काकांना!"

*

आता बिराजदार सर. ज्ञानी माणूस, पण त्यांच्या नोट्स केवळ त्यांच्या स्पेशल बॅचने वाचाव्यात, ही त्यांची इच्छा. फाइल सर्वांच्या टॅबवर जाणार होती. म्हणून त्यांनी तिला पासवर्ड लावला. शेवटच्या तासाला तो फक्त स्पेशल बॅचला सांगायचा, असा बेत. टाकताना कोणी पाहू नये म्हणून, बैलबाजारातले दलाल रुमालाखाली बोटांनी भाव ठरवितात, तसा हातांवर रुमाल पांघरला. मूळ प्रतही पुसून टाकली.

शेवटचा दिवस उजाडला. सरिता ट्रंक घेऊन माझ्याकडे आली. "सर, भौतिकची फाइल उघडत न्हाई. दुपारी गाडी हाय माझी."

तेवढ्यात स्पेशल बॅचची मुलेही आली. सरांनी सांगितलेला पासवर्ड चालत नव्हता. सर स्वतः बसले. एकदा टाकला, दहादा टाकला. रुमालाखाली बोटे कोठे पडली होती, ते त्या परमेश्वरालाच ठाऊक!

संचालकांना सारे समजले. ते रागावले नाहीत. त्यांनी विचारले, "सर, विषय डोक्यात आहे ना?"

"आहे."

"मग फळा आहे, खडू आहे. दोन्ही बॅच एकत्र बसतील. काका प्रत्येक फळ्याचा फोटो काढून पीडीएफ करतील. मुले उद्या निघतील. आणि सरिता 'पुसा' म्हणेपर्यंत फळा पुसायचा नाही."

सकाळपासून सर लिहीत होते. दुपार झाली. केस पांढरे, बाह्या पांढऱ्या, आवाज बसलेला. एक फळा भरला, की सर वळत आणि जनरल बॅचच्या पहिल्या बाकाकडे पाहत.

"सरिता, पुसू का?"

"थांबा सर. अजून झालं न्हाई."