वरच्या खोलीची किल्ली

१४ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळचे सहा वाजून वीस मिनिटे झाली होती. माझ्या मित्राच्या, मनोहरच्या सुनेचा फोन आला. "काकाजी, बाबा उठून नाई राह्यले..." एवढेच ती बोलली. वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेत आमच्या दोघांच्या घरांत तीन गल्ल्यांचे अंतर आहे. मी पोचलो तेव्हा डॉक्टर पाहून गेले होते. उशाशी चष्मा आणि एक वही होती. वहीत डब्लिनमधल्या खोल्यांचे पत्ते सुवाच्य अक्षरात लिहिलेले, आणि प्रत्येकावर काट मारलेली.

मनोहर टपाल खात्यात होता. वर्ध्यातली घरे त्याला माणसांसकट ठाऊक होती. आर्वी, देवळी, पुलगावकडून शिकायला येणाऱ्या मुलांना खोली मिळवून देणे हे काम त्याने नोकरीइतक्याच नेमाने केले. पद्धत ठरलेली. मुलाला सायकलवर मागे बसवून घरमालकाकडे जायचे, चहा होईपर्यंत विषय काढायचा नाही, आणि उठताना एकच वाक्य बोलायचे : "पोरगा माहा आहे." त्यापुढे कोणी काही विचारत नसे. कुठेच जमले नाही, तर त्याच्या घराची वरची खोली होतीच.

ऑगस्टअखेर त्याची नात केतकी शिकायला डब्लिनला गेली. वसतिगृहातली खाट पंधरा दिवसांपुरती होती. तेवढ्यात खोली मिळेल, असे आम्ही सर्वांनी गृहीत धरले. मिळाली नाही. परवडेल अशा प्रत्येक खोलीसमोर रांग, आणि प्रत्येक ठिकाणी आधीच्या घरमालकाच्या पत्राची मागणी. केतकी जन्मापासून आजोबांच्या घरात राहिलेली. खाटेची मुदत संपली तेव्हा एका परिचारिकेने तिला आपल्या पलंगावर घेतले. परिचारिकेला रात्रपाळी असे. ती दिवसा झोपे, केतकी रात्री. सुटीच्या दिवशी दोघी आडव्यातिडव्या. हे लिहितो आहे तेव्हाही त्यात फरक पडलेला नाही.

एकदाच एक खोली हाती येण्याच्या बेतात होती. घरमालकीण वृद्ध होती. आजोबांचे पत्र चालेल, म्हणाली. मनोहरने ते मराठीत लिहिले आणि इंग्रजी करण्यासाठी माझ्याकडे आणले. मी इंग्रजीचा शिक्षक होतो. पत्रात त्याने केतकीची सर्वांत मोठी थोरवी म्हणून लिहिले होते : 'ही मुलगी कोणाला दारातून परत पाठवत नाही. तिच्या खोलीवर माणसांचा नेहमी राबता असतो. आमच्या गावचे कोणी तिकडे आले, तर तिच्याकडेच उतरेल.' मला ते खटकले. तरीही शब्द न् शब्द उतरवला, कारण ते खरे होते. दोन ओळींचे उत्तर आले. खोली एकाच व्यक्तीसाठी होती आणि ती दुसऱ्याला दिली होती. "यात का चुकलं, मास्तर?" मनोहरने विचारले. "माणसं येतात त्यालेच घर म्हणतात ना?" आयुष्यभर मुलांच्या वाक्यांवर लाल शाई चालवली. त्या तीन वाक्यांवर चालवली नाही.

सोमवारी संध्याकाळी तो माझ्याकडे आला. ती शेवटची भेट. "जूनमदी आर्वीची एक बाई पोरीसाठी वरची खोली मागाले आलती. म्या नाई म्हटलं. केतकीची खोली आहे म्हटलं. ते पोरगी तवापासून रोज एसटीनं येणं-जाणं करून राह्यली. म्हणून आपल्या पोरीले तिकडं कोणी दार उघडत नाई, मास्तर." असले हिशेब मी मानत नाही, असे मी सांगितले.

"तू कायलेच मानत नाई. म्या त्या बाईले फोन केला. उद्या बोलावलं त्याहिले."

"आणि केतकी परत आली तर?"

"परत काऊन येईन ते?" तो म्हणाला आणि उठला.

केतकीला कळवण्याचे काम माझ्याकडे आले. तिकडे उजाडेपर्यंत थांबून, दुपारी बाराला फोन केला. ती रडली नाही. "मी येऊ का?" तिने विचारले, आणि मी बोलण्याआधीच स्वतः म्हणाली, "आली तर हा अर्धा पलंगही जाईल, मास्तर आजोबा." येऊ नकोस, असे मी सांगितले. ती येणार असती तर अंत्यविधी थांबवला असता; तिला मनोहरचे शेवटचे दर्शन मिळाले नाही, ते माझ्या त्या वाक्यामुळे.

स्मशानातून परतलो तेव्हा चार वाजले होते. मनोहरच्या फाटकाशी एक बाई आणि तिची मुलगी उभ्या होत्या. पायाशी वळकटी आणि एक पेटी. घरात काय झाले, ते त्यांना शेजाऱ्यांनी सांगितले होते.

"आम्ही वापस जातो, गुरुजी. अशा दिवशी कोणाच्या घरी..."

"त्याने बोलावले आहे. थांबा."

खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात किल्ली होती. सुनेने ती काढून हातात धरून ठेवली. "काकाजी, वर केतकीचं सामान आहे."

"खाली आणू."

तिने ते स्वतः आणले. पुस्तकांच्या दोन पिशव्या, एक गोधडी. मग किल्ली माझ्या हातात दिली. खोली उघडली. केतकी गेल्यापासून बंद होती, दिवा लागेना. मी चौकातल्या दुकानातून बल्ब आणला, स्टुलावर चढलो आणि लावला.